आम्ही असे होतो

तीन बॅटऱ्यांचा टॉर्च, त्यावर गुंडाळलेलं लाल फडकं आणि बर्फाचं घर. पीटर पिट्सिउलाकची डार्करूम एवढ्यात उभी राहायची. 1902 साली जन्मलेला हा इनुइट शिकारी कॅनडाच्या बॅफिन बेटावर, केप डॉर्सेटच्या परिसरात राहायचा. त्या गावाला आता पुन्हा किंगाइत म्हणतात. 1930 च्या दशकात एका गोऱ्या पाहुण्याला ध्रुवीय अस्वलाचा फोटो हवा होता, पण जवळ जायची छाती होईना. त्याने कॅमेरा पिट्सिउलाकच्या हाती दिला, आणि पिट्सिउलाकने आयुष्यातला पहिला फोटो काढला. स्वतःचा कॅमेरा त्याला पुढे 1940 च्या दशकात एका मिशनऱ्याकडून मिळाला. फिल्म धुण्याच्या खटाटोपात त्याची बायको अग्गिओक बरोबरीची भागीदार होती. लेन्सला लावायचा फिल्टर त्याने जुन्या गॉगलच्या काचेतून केला.

त्या फिल्टरची मला फार मौज वाटते. बर्फावरचं ऊन कॅमेऱ्याला चकवतं. पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यापुढे माणसाचा चेहरा काळा पडतो, आणि चेहरा सांभाळावा तर बर्फ नुसता जळून जातो. डोळ्यांना लावायची काच भिंगापुढे धरायचं ज्याला सुचलं, त्याला प्रकाशाचं शास्त्र कुणी शिकवायची गरज नव्हती. खरी पंचाईत पाण्याची. फिल्म धुवायला भरपूर पाणी लागतं, आणि हिवाळ्यात तिथे पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. तो वितळवायला दिव्यात सीलची चरबी हवी, नाहीतर स्टोव्हात विकतचं रॉकेल. म्हणजे आधी शिकार, मग फोटो. इतकं सगळं करून जो फोटो निघतो, तो सहज म्हणून काढलेला नसतो. काय टिपायचं याचा विचार आधी पक्का झालेला असतो.

पिट्सिउलाकचा विचार काय होता, ते त्याच्या फोटोंत दिसतं. त्याने घरच्यांना जुन्या पद्धतीचे कातड्याचे कपडे घालायला लावले, शिकारीची जुनी हत्यारं हातात दिली आणि उभं केलं. बंदुका, मोटारबोटी, व्यापारी कंपनीचं दुकान हे सगळं तेव्हा भोवती होतं, आणि त्यांतलं पुष्कळ त्याने दुसऱ्या फोटोंतून टिपलंही. पण जुना पेहराव त्याने मुद्दाम मांडून घेतला.

इथे रॉबर्ट फ्लाहर्टीची आठवण टाळता येत नाही. पिट्सिउलाक पोरवयात असताना, 1913-14 च्या हिवाळ्यात, हा माणूस दक्षिण बॅफिनमध्ये मुक्काम ठोकून गेला होता. पुढे त्याने हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या इनुकजुआकजवळ, ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा माहितीपट चित्रित केला. 1922 साली तो पडद्यावर आला, आणि जगाच्या डोक्यात उत्तर ध्रुवाकडच्या माणसाचं जे चित्र बसलं ते बसलंच. त्यातल्या नायकाचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक. तो बंदूक वापरायचा. पडद्यावर भाला आला. ग्रामोफोन त्याच्या ओळखीचा होता. पडद्यावर तो तबकडी चावून बघतो. कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळावा म्हणून अर्धवट, उघडं बर्फघर बांधलं, आणि ते कुटुंब बोचऱ्या वाऱ्यात झोपेतून उठल्याचा अभिनय करत राहिलं. ही सगळी मेहनत रोजचं जगणं दाखवण्यासाठी!

म्हणजे मांडणी दोघांनीही केली. मग फ्लाहर्टीला खोटं आणि पिट्सिउलाकला खरं म्हणायचं का? निव्वळ परका आणि घरचा एवढ्यावर हा निवाडा उरकणं मला पटत नाही. आपल्याकडे लग्नात नऊवारी आणि नथ घालून फोटो काढतात, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, कारण बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की उद्या ही मुलगी जीन्स घालून ऑफिसला जाणार आहे. फरक काळाचा आहे. ‘हे असे आहेत,’ असं फ्लाहर्टीचा कॅमेरा दूरच्या शहरांना सांगतो. ‘आम्ही असे होतो,’ असं पिट्सिउलाकचा कॅमेरा आपल्याच नातवंडांना सांगतो. एकाने गेलेल्या काळाला वर्तमान म्हणून खपवलं; दुसऱ्याने जाऊ घातलेल्याला जाताना पाहिलं, आणि तसं ते कबूलही केलं. 1973 साली पिट्सिउलाक वारला तेव्हा मागे दीड हजारांहून अधिक निगेटिव्ह राहिल्या.

दुसरी गोष्ट नावांची. 1940 च्या दशकात सरकारने इनुइट लोकांना क्रमांक कोरलेल्या चकत्या दिल्या होत्या. नावं लिहिता येत नाहीत, म्हणून नंबर. बाहेरून येणाऱ्या छायाचित्रकारांचीही तीच तऱ्हा. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असे ढीगभर फोटो पडून होते, खाली फक्त ‘एस्किमो स्त्री’, ‘एस्किमो मुलगा’. या शतकाच्या सुरुवातीला नूनावुत या कॅनडातल्या इनुइट प्रदेशाच्या तरुण विद्यार्थ्यांच्या मदतीने ते फोटो लॅपटॉपवर घालून गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवले गेले, आणि नावं परत येऊ लागली. ज्या समाजात नवजात बाळाला मेलेल्या माणसाचं नाव देतात आणि त्या नावासोबत त्याची नातीही चालत येतात, तिथे निनावी फोटो म्हणजे केवढी तुटलेली साखळी! नातीला आजी म्हणणाऱ्या या लोकांना ‘एस्किमो स्त्री’ वाचून काय वाटलं असेल?

ग्रीनलंडमधली गोष्टही याच वाटेवरची. वायव्य किनाऱ्यावरचं कानाक हे गाव 1953 साली वसलं, कारण अमेरिकी हवाई तळापायी तिथल्या शिकारी कुटुंबांना जुनी वस्ती सोडून उत्तरेला सरकावं लागलं होतं. हिवाळ्यात काही महिने तिथे सूर्य उगवतच नाही. सिसिमिउतला जन्मलेला छायाचित्रकार इनूतेक स्टोर्च याने त्या गावात फोटो काढले. भाले आणि अस्वलं शोधत तो गेला नव्हता; आजची माणसं आणि त्यांचा नेहमीचा दिवस त्याला पुरेसा वाटला. 2024 च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात, ग्रीनलंड ज्याच्या राज्याचा भाग आहे त्या डेन्मार्कच्या दालनात, त्याचे फोटो लागले, तेव्हा ग्रीनलंडच्या पहिल्या व्यावसायिक छायाचित्रकाराचे, जॉन म्योलरचे, जुने फोटोही त्याने सोबत ठेवले. आणि दालनाच्या दर्शनी भागावर, जिथे डेन्मार्कचं नाव असतं, तिथे झळकलं ‘कलाल्लीत नुनात’, त्या भूमीचं तिच्याच भाषेतलं नाव.