सॉरी सर, लोड नका घेऊ!

समजा, आपण एका शाळेत शिक्षक आहात. विज्ञान प्रदर्शनासाठीची प्रतिकृती पूर्ण करण्याची जबाबदारी नववीतल्या एका मुलाने आपणहून घेतली होती. आदल्या संध्याकाळी तो आलाच नाही. आपण आणि पाचवीतली दोन मुले, अशा तिघांनी मिळून रात्री नऊपर्यंत ते काम कसेबसे उरकले. घरी पोहोचता पोहोचता मोबाइलवर निरोप येतो: ‘सर, सॉरी यार. माती खाल्ली मी. लोड नका घेऊ.’

आपल्याला काय वाटेल? बहुतेकांना आधी ‘यार’ खटकेल. आचार्यांना देव मानावे, असे तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली सांगते. त्या संस्कारात आपले कान तयार झालेले. आपण मुलाला बोलावून घेऊ, गुरुजनांशी कसे बोलावे ते समजावू. तो मान खाली घालून ‘मला क्षमा करा, सर’ म्हणेल आणि निघून जाईल. त्याची भाषा सुधारली, यात शंका नाही. पण त्याने क्षमा मागितली का?

येथे गीतेचा अकरावा अध्याय आठवतो. दुसऱ्या अध्यायातच अर्जुन स्वतःला श्रीकृष्णाचा शिष्य म्हणवून घेतो, म्हणजे नाते गुरु-शिष्याचे आहे. अकराव्यात विश्वरूप पाहून त्याला धडकी भरते आणि आठवतात ती आपलीच जुनी बोलणी. अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या! खेळताना, जेवताना, चारचौघांत केलेली थट्टा. आता ‘सखा’ म्हणजे आजच्या मुलांच्या भाषेत ‘यार’च की! अर्जुन क्षमा मागतो, आणि मागताना एक फार बारीक गोष्ट सांगून जातो. असे बोलणे माझ्याकडून प्रमादाने घडले असेल किंवा प्रणयाने. बेफिकिरीने किंवा प्रेमाने. तोंडातून निघालेला शब्द दोन्ही वेळा तोच असतो.

आणि भगवंत काय करतात? त्या संबोधनांबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. भ्यालेल्या अर्जुनाला धीर देतात आणि पुन्हा ते ओळखीचे, सौम्य, मानवी रूप धारण करतात. ज्या रूपाला तो ‘सख्या’ म्हणू शकत होता, तेच रूप.

मग त्या मुलाचा निरोप पुन्हा एकदा वाचू या. ‘यार’ प्रेमातून आला असेल, तर तो सोडून देता येईल. ‘माती खाल्ली मी’ या वाक्यात तर कर्ता आहे! चूक कुणाची, हे तीन शब्दांत स्पष्ट झाले. याउलट, ‘अनवधानाने काही चूक झाली असल्यास क्षमस्व’ हे वाक्य किती सभ्य दिसते; पण त्यात चूक करणारा कुणी नाही, आणि ‘असल्यास’ म्हणून चुकीबद्दलही शंकाच आहे. अशी वाक्ये आपण मोठी माणसे रोज लिहितो.

खरी अडचण ‘लोड नका घेऊ’ पाशी आहे. लोड म्हणजे ओझे. जड गोष्ट हलकी करणे हे तरुणांच्या बोलीचे कामच असते. परीक्षेत नापास झालेल्या मित्राच्या पाठीवर हात ठेवून म्हटलेले ‘लोड नको घेऊ’ हे औषध आहे. पण ज्याच्यावर ओझे टाकले त्यालाच ‘तुम्ही ते वाहू नका’ असे ओझे टाकणाऱ्याने सांगायचे? नऊ वाजेपर्यंत ते वाहून झालेले असते. प्रमाद असलाच, तर तो इथे आहे.

तरुण मित्रांनो, म्हणून तुम्हाला संस्कृतप्रचुर शब्द उसने आणण्याची गरज नाही. ‘सर, मी कल्टी मारली. तुम्हाला आणि त्या दोघांना रात्रीपर्यंत थांबावं लागलं.’ बस, एवढे चालेल. (‘कल्टी’ कळले नाही तर सर विचारतील.) आपण काय केले आणि ते कुणाला भोगावे लागले, हे उच्चारताना जीभ जड होते. होऊ द्या.

आणि शिक्षक असलेल्या साधकांनो, पूजा संपताना आपण रोज देवापुढे कबूल करतो, की मंत्र धड म्हटले गेले नाहीत, विधीतही उणे राहिले, तरी ही सेवा पूर्ण मानून घे. आपल्या मोडक्या शब्दांसाठी एवढी सवलत मागणाऱ्याने पंधरा वर्षांच्या मुलाच्या शब्दांपाशी अडून बसावे का? ‘यार’वर बोलायचे ते पुढे कधीतरी बोलता येईल. आज त्याला जवळ बसवून शांतपणे एवढेच विचारावे: ‘मी लोड घेत नाही. पण मग तो कुणी घ्यायचा, रे?’

उत्तराची घाई करू नये. ते लगेच येत नाही, आणि अनेकदा शब्दांत येतही नाही. एखाद्या सकाळी तो शाळा भरण्याआधीच प्रयोगशाळेत आलेला दिसतो, त्या पाचवीतल्या दोघांना तारा जोडायला शिकवत.