थकलेले भाडे आणि उंबरठा

थकलेले भाडे हे ऋण आहे, आणि ऋण फेडणे हा न्यायाचा भाग आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. आपली सहानुभूती सहजच भाडेकरूकडे झुकते. परंतु राजगुरुनगर-चाकण परिसरात घरमालक म्हणजे धनवान, असे मानता येत नाही. कारखान्यांसाठी शेती गेली, बँकेचे कर्ज काढून चार खोल्या बांधल्या आणि त्यांच्या भाड्यावरच चूल पेटते, अशी कुटुंबे येथे आहेत. त्यांच्या खोल्यांत राहणारा कंत्राटी कामगारही हातावर पोट असलेलाच. एकाचा पगार थांबला की दुसऱ्याचा हप्ता थकतो.

2020 च्या टाळेबंदीत हे प्रकर्षाने दिसले. 29 मार्च रोजी केंद्र सरकारने कामगारांकडे महिनाभर भाडे मागू नये, असा आदेश दिला. 17 एप्रिल रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्यास व थकबाकीपायी कोणास घराबाहेर न काढण्यास सांगितले. मुदत मिळाली, देणे मात्र माफ झाले नाही.

मग हक्काचे मागण्यालाही मर्यादा असावी काय? जुन्या करारातील अनुवादाच्या 24 व्या अध्यायात धनकोला सांगितले आहे, की गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. धनकोचा हक्क येथे नाकारलेला नाही. केवळ त्याचे पाऊल उंबरठ्याशी थांबवले आहे. देणेकरी झाला म्हणून माणसाची अब्रू गहाण पडत नाही.

1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही हाच संयम आढळतो. लेखी मागणीनंतर 90 दिवस उलटल्याखेरीज थकबाकीचा दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने 15 टक्के व्याज व खर्चासह रक्कम न्यायालयात भरल्यास घर सोडण्याचा हुकूम होत नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यास मात्र हे संरक्षण नाही. तेथे घरमालकाच्या सद्सद्विवेकावरच अधिक भार पडतो.

तथापि, जो देऊ शकत नाही आणि जो देऊ इच्छित नाही, त्यांत भेद केलाच पाहिजे. पगार हाती असूनही कोर्टाच्या तारखांचा आडोसा घेणारा भाडेकरू दुसऱ्याच्या ताटातले खातो. दया मागण्याचा अधिकार सत्य सांगणाऱ्यालाच आहे.

म्हणून आम्हांस वाटते, भाडेकरूने नोटीस येण्यापूर्वीच अडचण सांगावी. घरमालकाने हप्ते बांधून द्यावेत, प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि वीज-पाणी तोडण्याचा विचारही मनात आणू नये. वकिलाची पायरी त्यानंतरची आहे.