पुन्हा उठणाऱ्याचा हिशेब

२००० साली सॅन फ्रान्सिस्कोत थरारक खेळांच्या एक्स गेम्स स्पर्धेत डेव्ह मिरानं सायकलसकट हवेत झेप घेतली, एकाच उडीत मागच्या बाजूला दोन कोलांट्या मारल्या आणि चाकांवर उतरला. स्पर्धेत तोवर हे कुणी केलं नव्हतं. या प्रकाराला डबल बॅकफ्लिप म्हणतात आणि त्यात मध्येच थांबायची सोय नसते. दुसरी कोलांटी अर्धवट राहिली तर खाली आधी डोकं येतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या चिटनँगो या छोट्या गावात मिरा वाढला. १९९३ मध्ये, तो एकोणीस वर्षांचा असताना, दारू पिऊन गाडी हाकणाऱ्या एकानं त्याला उडवलं. कवटीला तडा गेला, मेंदूत रक्ताची गुठळी झाली. एखाद्यानं सायकल कायमची अडगळीत टाकली असती. मिरानं दोनच वर्षांत पहिल्यावहिल्या एक्स गेम्समध्ये पदक घेतलं आणि पुढं त्या स्पर्धांतली पदकं २४ वर नेली, त्यांतली १४ सुवर्ण. चाहते त्याला ‘मिरॅकल बॉय’ म्हणत. त्याच्या नावानं व्हिडिओ गेम निघाला, त्यानं स्वतःची सायकल कंपनी काढली. बीएमएक्स हा सायकलींचा खेळ सोडल्यावरही तो स्वस्थ बसला नाही. रॅली रेसिंग, बॉक्सिंग, ट्रायथलॉन असं काही ना काही चालूच राहिलं.

४ फेब्रुवारी २०१६ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल इथं त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४१. मागं पत्नी लॉरेन आणि दोन मुली.

त्याच वर्षी मे महिन्यात कुटुंबानं जाहीर केलं, की टोरोंटो विद्यापीठातल्या न्यूरोपॅथॉलॉजिस्ट डॉ. लिली-नाझ हझराती यांना मिराच्या मेंदूत सीटीई हा आजार आढळला आहे. डोक्याला वारंवार मार बसल्यावर होऊ शकणाऱ्या या आजारात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातं. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरनं मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत या दुखण्याचं वर्णन केलं होतं. २००५ नंतर अमेरिकन फुटबॉलमुळे त्याचा गवगवा झाला. सायकल आणि स्केटबोर्डच्या थरारक खेळांत मात्र निदान झालेला मिरा पहिलाच. हे निदान आजही पक्कं होतं ते मृत्यूनंतरच, सूक्ष्मदर्शकाखाली.

ही बातमी ऐकून अनेकांचा जीव थोडा हलका झाला: हे त्यानं केलं नाही, आजारानं केलं. धर्मपरंपरांनाही हा दिलासा ओळखीचा आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीननं ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथात आत्महत्येला ‘हत्या करू नकोस’ या आज्ञेचा भंग ठरवलं होतं. त्याच कॅथॉलिक चर्चची १९९२ ची धर्मप्रश्नोत्तरी मान्य करते, की गंभीर मानसिक विकार, यातना किंवा भीती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. दीड हजार वर्षांनी आलेलं हे शहाणपण आहे. वैद्यक मात्र इथंही जपून बोलतं. सीटीईमुळेच एखाद्यानं जीव दिला, असं एका मेंदूवरून सिद्ध करता येत नाही.

तरी एक अडचण उरतेच. शेवटचं कृत्य मेंदूच्या खात्यावर टाकायचं, तर डबल बॅकफ्लिप कुणाच्या खात्यावर? ती झेपही त्याच मेंदूनं घेतली होती. यशाचं श्रेय माणसाला द्यायचं आणि अंताचा दोष पेशींना, ही सोयीची वाटणी आहे. त्यातून मिरावरचं प्रेम दिसतं, पण विचार म्हणून ती टिकत नाही. दोन्हींना माप एकच हवं.

ते कुठलं, याचा एक चांगला अंदाज गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडतो. कुठलंही कर्म घडायला तिथं पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली आणि पाचवं दैव. एवढं असून जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असंही तिथं म्हटलं आहे. मिराचं आयुष्य या पाचांत मांडून पाहावं. १९९३ च्या अपघातातला तो दारुडा चालक दैवात येतो. सायकल आणि रॅम्प ही साधनं. एकच उडी पुन्हा पुन्हा मारण्याचा सराव म्हणजे चेष्टा, आणि ती सोसणारं शरीर हे अधिष्ठान. या हिशेबात कर्ता पुसला जात नाही. तो पाचांतला एक होतो, यशातही आणि अंतातही.

ॲरिस्टॉटलच्या मते शौर्य अंगी येतं ते शूर कृत्यं करत राहिल्यानं. मिराच्या बाबतीत हे तंतोतंत खरं ठरलं. पण ज्या सवयीनं त्याला शूर केलं, तिनंच अधिष्ठानही पोखरलं असणार. पडणं आणि उठणं हा या खेळातला सद्गुणाचा रियाज, आणि इजाही त्याच रियाजातून.

हेच पडणं आणि उठणं पुढं ऑलिम्पिकमध्येही दिसलं. बीएमएक्स फ्रीस्टाइल टोकियोत प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आला. ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिल्या फेरीत ३६० अंशांची बॅकफ्लिप घेताना पडली. दुसऱ्या फेरीत तिनं तीच उडी पुन्हा मारली, साधली आणि ९७.५० गुणांसह सुवर्णपदक पटकावलं. ऑलिम्पिकमध्ये एखाद्या स्त्रीनं ही उडी साधण्याची ती पहिलीच वेळ होती. जगानं वाहवा केली आणि ती वाजवीच होती.

पण पुन्हा उतरायचं की नाही, हे पडलेल्यानं ज्या मेंदूनं ठरवायचं, त्यालाच कधी कधी मार बसलेला असतो. म्हणून रग्बीसारख्या खेळांत आता डोक्याला धक्का बसल्याचा संशय आला, की निर्णय खेळाडूच्या हाती ठेवत नाहीत, डॉक्टर घेतो. काहींना हा स्वातंत्र्यावरचा घाला वाटतो. पण कर्माची कारणं मुळातच पाच असतील, तर रॅम्पच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक, सोबती किंवा आई-बापही त्यांत आलेच. ‘आज पुरे’ असं त्यांनी एखाद्या पोराला बजावलं, तर त्याचं कर्तेपण हिरावलं जात नाही. उद्या पुन्हा उडी मारायची की नाही, हे त्याला शाबूत डोक्यानं ठरवता येतं.