चुकलेला नेम आणि कर्माची पाच कारणे

खंडेनवमीच्या दिवशी ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे अशी बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबे ती पुसूनपासून पाटावर ठेवतात, तिला हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि विळ्या-कोयत्यांच्या पंगतीत तिचीही यथासांग पूजा करतात. ही चाल जुनी आहे आणि तिच्यामागे, ज्या साधनावर आपण विसंबतो त्याविषयीची कृतज्ञता आहे. परंतु या पूजेच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे व तो आपण सहसा विचारीत नाही. ज्या शस्त्रापुढे आपण हात जोडले, त्यातून सुटलेली गोळी लक्ष्य सोडून भलतीकडे गेली, तर त्या कर्माचा कर्ता कोण आणि कसूर कोणाचा? रायफलीचा, नेमबाजाचा, काडतुसाचा, की दैवाचा?

हा प्रश्न केवळ कारागिराचा आहे असे मानून तो मिस्त्रीच्या दुकानात नेऊन टाकता येत नाही, कारण या जिल्ह्यात त्याला रक्तामांसाचा संदर्भ आहे. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा आणि मध्यभागी अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा, अशी अभयारण्ये येथे आहेत. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटरची वाट तुडवून २०१९ साली ज्ञानगंगेतच येऊन विसावला होता. या रानांच्या कडेने सोयाबीन, मका, तूर आणि हरभऱ्याची शेते पसरलेली आहेत, आणि रोही व रानडुकरांचे कळप एका रात्रीत उभे पीक आडवे करतात म्हणून शेतकरी कडाक्याच्या थंडीतही जागलीला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या कलम ९ ने शिकारीला मनाई केली. कलम ११ ने मात्र, मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस अपाय करणाऱ्या ठरावीक जनावरांपुरती, सक्षम अधिकाऱ्याचा सकारण लेखी हुकूम असेल तर, एक अरुंद वाट मोकळी ठेवली. त्या हुकमाखाली झाडलेली गोळी वर्मी न लागता पोटात किंवा मांडीत शिरली, तर जखमी जनावर काट्याकुट्यांत दिवसचे दिवस तडफडत राहते, आणि त्याच्या वेदनेची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. म्हणून नेम का चुकतो याची शहानिशा करणे हे माझ्या मते धर्मकृत्य आहे.

या तहकिकातीला लागणारी चौकट आपल्या परंपरेत तयारच आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असे मानले आहे. कर्म ज्या आधारावर उभे राहते तो आधार, एवढा त्याचा विस्तार केला, तर ही पंचसूत्री नेम चुकणाऱ्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीलाही तंतोतंत लागू पडते.

आधी अधिष्ठान पाहू. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ली-एनफिल्डच्या धर्तीवर घडलेली .३१५ बोअरची रायफल आपल्याकडे परवानाधारकांच्या परिचयाची आहे. तिचे, तसेच तिच्या जातीच्या इतर रायफलींचे पोलाद लाकडात बसवलेले असते आणि लाकूड हे ऋतूंचे अंकित आहे : मृगापासून ते ओल पिऊन फुगते, वैशाखात आकसते, आणि त्याच्या या हालचालीने पोलादाला लाकडाशी जखडणारे स्क्रू हळूहळू सैल पडतात. बाहेरून काहीही दिसत नाही. परंतु प्रत्येक धक्क्यासरशी नळी लाकडात केसभर सरकते आणि पुढची गोळी नव्या जागी जाते. ज्या रायफलीत नळी लाकडापासून मोकळी राहावी अशी रचना असते, तिच्यात कोऱ्या कागदाची पट्टी नळीखालून पुढून मागे सरकवून पाहावी. पट्टी जेथे अडते तेथे लाकूड नळीला रेटीत आहे असे समजावे. नेमाच्या वेळी रायफल जेथे टेकवतो तो टेकूही अधिष्ठानातच येतो : नळी दगडावर टेकवली की ती उसळते, म्हणून लाकडाचा भाग वाळूच्या पिशवीवर विसावलेला असावा.

करणे अनेक आहेत. पुढची माशी ठोकर लागून किंचित सरकलेली असते, मागची खाच ढिली झालेली असते, किंवा दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू निसटू लागलेले असतात. नळीतील आट्यांवर गोळीच्या तांब्याचा थर साचतो. पुष्कळ वेळा अपाय मालकाच्याच हातून, सेवेच्या भावनेने, झालेला असतो : साफसफाईचा गज पुढच्या तोंडातून घालून वर्षानुवर्षे घासल्यामुळे नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजते, आणि गोळी ज्या क्षणी नळी सोडते त्याच क्षणी तिच्यामागचा वायू एका अंगाने निसटून तिला ढकलतो. बोल्ट काढून मागच्या बाजूने गज घालण्याची सोय या रायफलीत असूनही ती वापरली जात नाही. काडतुसांचेही तसेच आहे. वेगवेगळ्या वर्षांची, ओलसर कोठीत पडलेली काडतुसे एकत्र करून झाडली, तर गोळ्यांनी एका ठिकाणी जावे अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

कर्ता आणि त्याच्या चेष्टा यांची परीक्षा सर्वांत कठीण, कारण येथे परीक्षक आणि आरोपी एकच असतो. तथापि तिची एक साधी रीत जाणत्या नेमबाजांना ठाऊक आहे. अधिकृत मैदानावर दुसऱ्या माणसाने पाठमोरे होऊन रायफल भरावी, कधी खरे काडतूस घालावे, कधी दारू नसलेले नकली, आणि नेमबाजाला ते कळू देऊ नये. नकली काडतुसाच्या पाळीला चाप ओढताच बार होत नाही, केवळ एक कोरडा टक्का ऐकू येतो, आणि त्या निःशब्द क्षणी, न बसलेल्या धक्क्याच्या भीतीने नळीचे तोंड खाली बुचकळलेले सर्वांना दिसते. ज्याची कैफियत आजवर ‘रायफल उजवीकडे मारते’ अशी होती, त्याची रुजुवात त्याच्याच खांद्याने दिलेली असते.

उरले दैव. वाऱ्याचा अवचित झोत आणि उन्हाच्या झळांनी हलणारे लक्ष्य यांत दैवाचा अंश आहे, यात शंका नाही. परंतु आपण दैवाच्या खाती टाकतो त्यातले पुष्कळसे पहिल्या चार खात्यांतलेच असते. तेल लावून ठेवलेल्या थंड नळीतून पहिली गोळी वेगळी जाते आणि तापलेल्या नळीतून पाचवी वेगळी, हे दैव नव्हे. ते टिपून न ठेवलेले ज्ञान आहे.

या पाचांतील दोषी कोण हे ओळखण्याची पद्धती नैयायिकांनी घालून दिली आहे. कारण असता कार्य असावे आणि कारण नसता कार्य नसावे, या अन्वय-व्यतिरेकाने पाहावे : तीच रायफल दुसऱ्या कसलेल्या हाती द्यावी, त्याच हाती दुसरी रायफल द्यावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्क्रू आवळला, काडतुसे बदलली आणि दुर्बीणही हलवली, त्यानंतर नेम सुधारला, तर काहीच कळले नाही. तो काकतालीय न्याय झाला. शिवाय दोषांचेही दोन वर्ग आहेत. पाचही गोळ्या एकमेकींना खेटून, परंतु लक्ष्याच्या डावीकडे पडल्या, तर दोष नियत आहे व खाच सरकवून तो मिटतो. गोळ्या चौफेर विखुरल्या तर खाच सरकवणे व्यर्थ, कारण जेथे स्थैर्यच नाही तेथे सुधारणा कशाची करणार? आणि १०० मीटरवर १० सेंटिमीटर पसरणारा पुंजका २०० मीटरवर किमान दुप्पट होतो, म्हणून किती अंतरापर्यंत आपल्याला गोळी झाडण्याचा अधिकार आहे, हे हौसेने नव्हे तर त्या पुंजक्याने ठरवावे.

गीता एवढ्यावर थांबत नाही. ही पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असा तिचा निर्णय आहे. शस्त्राला दूषण देणारा अहंकारी आहे हे आपण सहज मान्य करतो. पण तपास न करता ‘सारा दोष माझाच’ म्हणून छाती पिटणाराही त्याच अहंकाराचा धनी आहे, कारण पाचांच्या सभेत तो एकट्यासाठीच आसन मांडतो. त्याच्या पश्चात्तापाने स्क्रू आवळला जात नाही आणि पुढचे जनावर जखमी होण्याचे टळत नाही.

येथे अहिंसेचा पक्ष उभा राहतो आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. वऱ्हाडच्या मातीत ज्यांचा संचार झाला त्या चक्रधरस्वामींनी, व्याधांच्या तावडीतून सुटून आपल्या आश्रयाला आलेला ससा त्यांच्या हवाली केला नाही, अशी लीळा महानुभाव वाङ्मयात आहे. मारणेच जर गैर, तर अचूक मारण्याचे शास्त्र कशाला? माझे उत्तर असे की न मारणे हाच श्रेष्ठ पक्ष आहे, आणि ज्याने शक्य त्या सर्व उपायांनी, कुंपणाने, जागलीने, नुकसानभरपाईच्या अर्जाने, तो पाळून पाहिला नाही त्याने शस्त्राला हात लावू नये. परंतु जेथे कायद्याने आणि निरुपायाने ते कर्म अंगावर येतेच, तेथे वेदना वाढवणारा निष्काळजीपणा हे दुसरे, स्वतंत्र पाप आहे.

आणि अचूकपणाही पुरेसा नाही, हे रामायणाने दशरथाच्या मुखाने सांगून ठेवले आहे. शरयूच्या काठी, अंधारात, घट भरण्याच्या आवाजावर त्याने सोडलेला शब्दवेधी बाण रेसभरही चुकला नव्हता. धनुष्य, हात, चेष्टा, सारे निर्दोष होते, आणि तरीही एका तपस्वी कुमाराचा प्राण गेला. मक्याच्या ताटांत रात्री खुसखुस ऐकून बार काढणाऱ्या प्रत्येकाने ही कथा आठवावी, कारण तेथे डुक्कर असते तसा शेजारच्या बांधावरचा जागल्याही असू शकतो. जे डोळ्यांनी ओळखले नाही त्यावर रोखलेले निर्दोष शस्त्र सदोष शस्त्राहून अधिक घातक आहे.

म्हणून खंडेनवमीची पूजा मला अशी व्हावीशी वाटते की, हळदकुंकवाआधी स्क्रू तपासले जावेत, नळी मागच्या बाजूने स्वच्छ व्हावी, काडतुसे निवडली जावीत, आणि मालकाने मैदानावर आपल्या हाताची परीक्षा दिलेली असावी. सरकारी परवाना शस्त्र बाळगण्याचा अधिकार देतो. जिवावर ते रोखण्याचा अधिकार मात्र, चार कारणांचा झाडा स्वतः घेऊन जो पाचव्याचे नाव सर्वांत शेवटी घेतो, त्यालाच पोहोचतो.