थोडी जागा



सावद्याची सकाळ केळीच्या बागांतून उगवते. केळफुलावर मधमाश्या घोंघावत असतात. खरं तर या केळीला त्यांची गरज नाही. तिचं फळ परागीभवनाशिवायच धरतं. तरी केळ त्यांना मकरंद देते. थोडी जागा देते.

गावातल्या दाट वस्तीत चित्र उलटं आहे. पत्र्यावर चढलेल्या गिलक्याच्या वेलाला मधमाशी हवीच असते. त्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. पराग पोचले नाहीत, तर गिलकं धरत नाही. पण मधमाशीनं तिथं यावं कशासाठी? अंगणात फरशी आली. कडेची रुई, टाकळा तण म्हणून उपटला गेला. थोडी जागाही उरली नाही.

ठाण्यात मात्र राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या वाडीत फुलपाखरांच्या अळ्यांच्या खाद्याची झाडं लावली. फुलपाखरं आपणहून आली. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते. कुरतडलेलं पान दिसलं, की समजावं, पाहुणा जेवून गेला.

‘मला काय मिळेल?’ असं आधी विचारणाऱ्याला जागा देणं जमत नाही.

जागा द्यायला वाडीच हवी असं नाही. तेलाच्या जुन्या डब्यातही कढीपत्ता जगतो, तुळस फुलते. तुळशीच्या साऱ्या मंजिऱ्या खुडू नका. अळी दिसली म्हणून लगेच औषध फवारू नका. भिंतीकडेची रुई राहू द्या. श्रोतेहो, आज आपल्या दाराशी थोडी जागा ठेवा.