पडलेलं दान

लुडोचा डबा घरात कुठेतरी असेलच. त्यातले फासे काढा. तीन मिळाले तर उत्तम, एकच असेल तर तोच तीन वेळा टाकू. जवळ एक कोरा कागद आणि पेन्सिल असू द्या. पंखा चालू असेल तर कागदावर चष्म्याचं घर ठेवा. मध्येच उठायला लागू नये.

आता फासे मुठीत घ्या, पण टाकू नका. त्यांच्या कडा तळव्याला लागतात, तेवढंच जाणवू द्या. श्वास येतोय, जातोय. एव्हाना मनात एक इच्छा आली असेल: मोठा आकडा पडावा. खेळ कुठला हे मी अजून सांगितलेलंही नाही, तरी ती आली. तिला हाकलू नका. बसू दे शेजारी.

खेळ असा. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावातून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एक पात्र होतो, एकजण त्यांच्याभोवतीचं जग सांगत जातो, आणि पुढे काय घडतं ते बोलण्यातून आणि फाशांतून ठरतं. आज बहुतेक खेळाडू आधी मनाशी ठरवतात, मला जादूगार व्हायचंय, आणि मग त्याला शोभतील असे आकडे जुळवतात. त्या पहिल्या पुस्तिकेत क्रम उलटा होता. तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि जी बेरीज येईल ती आल्या क्रमानेच लिहायची: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई, आणि शेवटी माणसांवर पडणारी छाप. हा लढवय्या की जादूगार, ते त्यानंतर. शिवाय पुस्तिकेच्या शब्दांनुसार हे फासे खेळाडूने टाकायचेच नाहीत, जग सांगणाऱ्या पंचाने टाकायचे. बाळाचं नशीब लिहायला येणाऱ्या सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात; ती काय लिहून गेली हे विचारायची सोय नसते. तुमच्यासमोरचा कागदही तसाच कोरा आहे.

फाशांवर जे पडतं त्याला मराठीत ‘दान’ म्हणतात. हा शब्द हळू आवाजात एकदा म्हणून पाहा. सोंगट्या खेळताना आपण तो हजारदा वापरला असेल, ‘दान पडेना’ म्हणून कुरकुरलोही असू. पण दान आपण मागितलेल्या मापाचं असतंच असं नाही, आणि देणाऱ्याचा हात दिसतही नाही.

टाका आता. सहा वेळा, सावकाश. प्रत्येक वेळी बेरीज लिहा, आणि पेन्सिल टेकवून पुढच्या दानाआधी एक श्वास जाऊ द्या. मीही टाकतो.

माझे आले ते असे: ताकद ६, बुद्धी १३, शहाणपण ९, काटकपणा १५, चपळाई ८, छाप ११.

पहिल्याच दानाला सहा. पोटात किंचित खड्डा पडला, खोटं कशाला बोलू. तुमच्या कागदावरही एखादा आकडा असेल जो पाहताक्षणी ‘हा पुन्हा टाकू’ असं वाटलं. त्या आकड्यावर बोट ठेवा आणि तिथेच थांबा.

तीन फासे २१६ तऱ्हांनी पडू शकतात. त्यांत १८ एकदाच येतो, ३ सुद्धा एकदाच. १० आणि ११ मात्र सत्तावीस-सत्तावीस वेळा, म्हणून बहुतेक माणसं मधल्या गर्दीत जन्मतात. सहा बेरीज होण्याच्या तऱ्हा दहा. पंधरा होण्याच्याही दहाच. फाशांच्या लेखी माझा दुबळेपणा आणि माझा काटकपणा सारखेच दुर्मीळ आहेत. एकाला खेद आणि दुसऱ्याला शाबासकी ही माझी भर.

हे बोटांनीही पाहता येतं. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते. एक, दोन आणि तीन असे वर करून तीन फासे ठेवा. वर सहा झाले. आता एकेक उलटा करा: सहा, पाच, चार. पंधरा. ताकदीचा सहा टेबलावर पडला तेव्हा त्याच्या पोटाखाली पंधरा होता, लाकडाला चिकटून. माझ्या वाट्याला वरची बाजू आली. तुमचा नकोसा आकडाही असाच वर मांडा, आणि त्याच्या खाली काय आहे ते उलटून बघा. मग फासे पुन्हा होते तसे ठेवा. खोडरबर शोधू नका.

डोळे मिटा आता, आणि सहा आकडे एकत्र धरा. एकटा आकडा काहीच सांगत नाही, ओळ सांगते. माझा हा जो कोणी आहे तो विहिरीवरून बादली अर्धीच भरून आणतो. पण अशा खेपा तो संध्याकाळपर्यंत करत राहतो आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडत नाही. त्याला हिशेब तोंडी येतात, तरी बाजारात फसतो, कारण बुद्धी तेरा असली तरी शहाणपण नऊच आहे. हातातून भांडी पडतात. तो खोलीत आला तर कुणी उठून उभं राहत नाही, कुणी तोंडही फिरवत नाही. हे मी ठरवलं नसतं. मला विचारलं असतं तर मी तलवार उचलणारा कोणीतरी मागितला असता, जो मी याआधीही मागितलेला आहे. तुमचा कोण आहे? त्याचे हात आधी दिसतात का चाल? घाई नाही. दिसेपर्यंत बसा.

सातवं दान पैशांचं: तीन फाशांच्या बेरजेची दहापट सोन्याची नाणी. माझ्याला ७० मिळाली. तुमचीही लिहा.

पुढे हा नियम सैल होत गेला. १९७९ साली गायगॅक्सनेच पंचांसाठीच्या ग्रंथात दुसऱ्या रीती दिल्या. त्यांतली पहिली म्हणजे चार फासे टाका, सर्वांत लहान सोडा आणि आकडे हव्या त्या जागी मांडा. सरासरी साडेदहावरून बाराच्या वर गेली. २०१४ च्या आवृत्तीत फाशांशिवायही पात्र बनतं: २७ गुण मिळतात, ते वाटून घ्यायचे, आणि सुरुवातीला एकही आकडा आठाच्या खाली उतरवता येत नाही. हे अन्यायाचं आहे असं मी म्हणणार नाही. दोन-दोन वर्षं चालणाऱ्या खेळात एकाचे सगळे आकडे चांगले आणि शेजाऱ्याचे सगळे पडके असले की मैत्रीत मिठाचा खडा पडतो. पण त्या हिशेबात माझा हा बादलीवाला जन्मालाच येत नाही, आणि मला आता त्याची काळजी वाटायला लागली आहे.

आणखी थोडं बसा. १९७७ साली मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ आला, अंतराळातला. तिथे फासे नुसता देह देत नाहीत, गेलेलं आयुष्यही देतात. अठराव्या वर्षी नोकरीत शिरायचं, चार-चार वर्षांचे टप्पे करायचे, आणि प्रत्येक टप्प्याला जगलो का, यासाठी दोन फासे टाकायचे. टेहळणी दलात सात किंवा जास्त लागतात, म्हणजे छत्तीसांत एकवीस संधी. कमी पडले की माणूस मेला, खेळ सुरू होण्याआधीच. जगला तर कौशल्यं वाढतात, पण चौतिसाव्या वर्षापासून वय अंग पोखरू लागतं. म्हणून दर चार वर्षांनी एकच प्रश्न समोर येतो: आता बास, की अजून एकदा? तुमच्या कागदावरच्या माणसाला हा प्रश्न विचारा. उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला देऊ द्या. त्याला काय हवंय आणि तुम्हाला काय हवं होतं, यातलं अंतर नुसतं बघा.

मी त्याला बास म्हणताना पाहिलं. दमून नव्हे, त्याला बादली आठवली.

डोळे उघडा. फासे डब्यात परत टाका, नाहीतर पोरं शोधत येतील. कागद मात्र फाडू नका. त्यावरच्या माणसाला अजून नाव नाही. झोपण्याआधी एक ठेवा.