रंगाखालची अमानत

अपघातात माणूस सुखरूप राहिला की तो प्रथम अल्लाहचे आभार मानतो. मग त्याची नजर चेपलेल्या दाराकडे, फाटलेल्या बंपरकडे वळते. तेथून गॅरेज, अंदाजपत्रक, विमा आणि रंग असा एक व्यवहार सुरू होतो. हा व्यवहार निव्वळ ऐहिक आहे, त्याचा दीनशी काही संबंध नाही, असे आपण समजतो. वस्तुतः त्यात एक मूलभूत नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे काम पूर्ण होताच डोळ्यांआड होते, त्याच्या प्रामाणिकपणाची हमी कोण देणार? आणि ‘समाधानकारक दुरुस्ती’ असे आपण नेमके कशाला म्हणावे?

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. डेंटर हातोडा आणि डॉली वापरून, किंवा पत्र्याला वॉशर जोडून तो बाहेर ओढून, पत्रा मूळ आकाराच्या जवळ आणतो. उरलेला उंचसखलपणा पुट्टीने भरला जातो. पुट्टी घासून सपाट झाली की प्रायमर, त्यावर रंग आणि शेवटी चकाकी देणारा क्लिअर कोट चढतो. जाणकार कारागीर पत्राच इतका सरळ करतो की पुट्टीचा पातळ थर पुरतो. घाई करणारा मात्र अर्ध्याकच्च्या पत्र्यावर जाड पुट्टी थापतो. ही पुट्टी सच्छिद्र असते, ती पाणी शोषते. पाणी लावून पॉलिश पेपर मारल्यावर ती पूर्ण वाळण्याआधीच रंग मारला, तर ओल आतच कोंडून राहते. गाडी ताब्यात मिळते त्या दिवशी दार आरशासारखे चमकते. मुंबईचा किंवा कोकणचा एक पावसाळा सरला की त्याच दारावर फोड येतात आणि कडेने गंज डोकावू लागतो.

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. वर कोरडे धान्य होते, आत भिजलेले. विचारणा केल्यावर विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ते कारण खरेच होते. पाऊस त्याने पाडला नव्हता. प्रेषितांनी (स.) त्याला भिजल्याबद्दल दोष दिलाच नाही. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, एवढेच विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे स्पष्ट बजावले.

या प्रसंगातील सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. वस्तूत उणीव असणे हा गुन्हा ठरला नाही, उणीव झाकणे हा ठरला. गाडीच्या दुरुस्तीलाही हाच निकष लागू पडतो. कारखान्यात उघड्या धातूच्या सांगाड्यावर गंजरोधक थर चढवून तो भट्टीत उच्च तापमानावर पक्का केला जातो. गॅरेजमध्ये त्याच गाडीत काच, रबर, प्लास्टिक, वायरी असे सारे असते, म्हणून तेवढी उष्णता देता येत नाही. मेटॅलिक रंग तर फवाऱ्याचा दाब आणि अंतर बदलले तरी वेगळा भासतो. म्हणूनच कुशल रंगारी शेजारच्या पत्र्यावरही थोडा रंग विरवत नेतो. तेव्हा ‘अगदी शोरूमसारखी करून देतो’ हे आश्वासन बहुधा अतिशयोक्तीचे असते. ‘एवढे होईल, एवढे होणार नाही, आणि येथे पुट्टी भरावी लागेल’ असे सांगणारा कारागीर कमी आकर्षक वाटेल, पण तो धान्याची ओली बाजू वर ठेवत असतो.

काही वेळा हे झाकणे केवळ पैशांपुरते राहत नाही. बंपरच्या प्लास्टिकमागे आघात झेलणारी एक धातूची आधारपट्टी असते. ती वाकलेली असताना वर नवे बंपर बसवले, तर बाहेरून काहीच कळत नाही. पुढच्या धडकेत मात्र आत बसलेल्या कुटुंबाच्या जिवाशी गाठ पडते. येथे लपवलेली गोष्ट ओलाव्याएवढी क्षुल्लक नाही. ती दुसऱ्याच्या जिवाची अमानत आहे.

फिकहने या नात्याचा फार बारकाईने विचार केला आहे. अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिराला ‘अजीर-ए-मुश्तरक’ म्हणतात. त्याच्या ताब्यातील वस्तूचे नुकसान झाल्यास त्याने भरपाई द्यावी का? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते वस्तू त्याच्याकडे अमानत आहे, हयगय केल्याशिवाय तो जबाबदार नाही. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी टाळता न येण्याजोगी आपत्ती वगळता त्याला जबाबदार धरले. परंतु कारागिराच्या स्वतःच्या हातून, त्याच्या कामामुळे जे बिघडले, त्याची जबाबदारी त्याच्यावर येते, याबाबत या तिघांत मतभेद नाही.

हनफी ग्रंथांतील कापड रंगवणाऱ्या रंगरेजाचा मसला तर जणू आपल्यासाठीच लिहिला आहे. मालकाने एक रंग सांगितला आणि रंगरेजाने दुसराच दिला, तर मालकाला निवड असते. त्याने कोऱ्या कापडाची किंमत वसूल करावी, अथवा कापड ठेवून घ्यावे आणि रंगाने त्याचे जे मोल वाढले तेवढेच द्यावे. या निर्णयातील समतोल पाहण्यासारखा आहे. मालकाचे नुकसान होऊ दिले नाही आणि कारागिराची मेहनतही फुकट जाऊ दिली नाही.

हा समतोल आपण ग्राहक म्हणून पाळतो का? कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून तालुक्याच्या नाक्यापर्यंत आपल्या समाजातील कितीतरी घरे या धंद्यावर चालतात. तेथील कारागीर एक तक्रार करतात आणि ती रास्त आहे. ग्राहकाला चार दिवसांचे काम दोन दिवसांत हवे असते, भाव पाडून हवा असतो, आणि काम मात्र पक्के हवे असते. पुट्टी वाळण्याचा वेळ आपणच कापून घेतला, तर ओल कोंडण्याच्या पापात आपलाही वाटा आहे. काम पुरे करून घेऊन मजुरी अडवणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, असे सहीह बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. बिल देताना काहीतरी खोट काढून हजार-पाचशे कापून घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

याहून कठीण कसोटी विम्याच्या वेळी लागते. प्रचलित विम्याच्या वैधतेविषयी उलमांमध्ये चर्चा आहे आणि मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. तो स्वतंत्र विषय. पण खोटा दावा कोणत्याही मताने जायज ठरत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. पाच ते दहा वर्षे जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के कापला जातो. रंगाच्या साहित्याच्या खर्चावरही ५० टक्के घसारा लागतो. म्हणजे बरीच रक्कम खिशातून जाते. मग मोह होतो. ‘मागच्या वर्षीचा तो ओरखडाही यातच बसवा’, ‘बिल थोडे वाढवून लावा’, अशी सूचना हळू आवाजात दिली जाते. आवाज हळू का होतो, याचा विचार करावा. मन ज्याला हक्क मानते, ते मोठ्याने मागते.

ज्या गॅरेजवाल्याला आपण सर्व्हेअरशी खोटे बोलायला सांगितले, तो आपल्याशी खरे बोलेल ही अपेक्षा कोणत्या आधारावर करावी? पत्र्याखालची सचोटी मागणाऱ्याने आपल्या कागदाखालची सचोटी आधी तपासावी. मोजून घेताना पुरेपूर घेणारे आणि मोजून देताना घट करणारे यांची दिव्य कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये कठोर निर्भर्त्सना आहे. दोन मापे बाळगणारा हा माणूस काट्याच्या दुकानातच बसलेला असतो असे नाही.

पुढे कधीतरी ती गाडी विकली जाते. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र आता जुन्या गाड्यांचे व्यापारी वापरतात, त्यात पुट्टी लगेच उघडी पडते. पण खरेदीदाराजवळ यंत्र नसेल तर? क्रेता-विक्रेता खरे बोलले आणि दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते, लपवले तर ती पुसली जाते, अशी हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. सदोष कापडाची खोट सांगण्याचे भागीदाराला सांगूनही तो विसरला, तेव्हा त्यांनी त्या विक्रीची रक्कम दान केली, असे चरित्रकार सांगतात. ‘दार एकदा ठोकले होते, रंग काढलेला आहे’ या एका वाक्याने किंमत थोडी उतरेल. उतरलेली ती रक्कम मुळात आपली नव्हतीच.

याचा अर्थ ग्राहकाने डोळे मिटून विश्वास टाकावा असा नाही. करार लिहून ठेवणे ही दीनचीच शिकवण आहे. कोणता भाग बदलणार आणि कोणता दुरुस्त होणार हे लेखी घ्यावे. पुट्टी भरण्यापूर्वी उघड्या पत्र्याचे छायाचित्र मागावे, बदललेले जुने भाग परत घ्यावेत. गाडी संध्याकाळी दिव्याखाली न घेता दिवसा, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे पाहून घ्यावी. दारांच्या फटी सर्वत्र सारख्या आहेत का, हे पाहावे. काम सदोष निघाले तर शांतपणे पण ठामपणे पुन्हा करून मागावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सदोष सेवेविरुद्ध दाद देतो आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हक्क मागणे संयमाच्या विरुद्ध नाही. अपशब्द वापरणे, चारचौघांत कारागिराची अब्रू काढणे हे मात्र आहे.

तरीही सर्व कागद आणि छायाचित्रे घेतल्यावर एक जागा उरतेच, जिथे फक्त कारागीर आणि त्याचा पालनकर्ता असतो. ‘इहसान’ची व्याख्या प्रेषितांनी (स.) हीच केली, की अल्लाहला आपण पाहत आहोत अशी उपासना करावी, आणि आपण पाहू शकत नसलो तरी तो आपल्याला पाहत आहे. या जाणिवेने घासलेला पत्रा ही त्या कारागिराची इबादत होऊ शकते. समाधानकारक दुरुस्ती तीच, जिच्याविषयी करणाऱ्याला काही लपवावे लागत नाही आणि करवून घेणाऱ्यालाही लपवावे लागत नाही. तिच्यात रंगाची छटा किंचित वेगळी दिसली तरी चालेल.

अल्लाह आपल्या कारागिरांच्या हातांत सचोटी, ग्राहकांच्या व्यवहारात न्याय आणि आपणा सर्वांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.